माझ्या पोटातला ठोकळा

मी लोरा बोलतेय. उकायाली नदीच्या अख्ख्या काठावर घरी बनवलेली माझ्यासारखी दुसरी विजेची गिटार नाही. खोटं सांगत नाही. दुसरी होती, ती होडीतून पडली आणि वाहून गेली. तिसरी एका बाईनं नवऱ्याच्या डोक्यात घातली. उरले मी. पहिला नंबर कधीकधी असाही येतो.

माझा बाप एलेउतेरियो सांगामा, पुकाल्पा गावात शवपेट्या करणारा सुतार. माणूस भला, पण तो समोरून आला की लोक वाकून चालायचे. न जाणो, ताठ उभं राहिलो तर माप घेईल! लग्नाला बोलावणं नाही, वाढदिवसाला नाही. बोलावणं यायचं ते रडतच यायचं. त्याच्या मनात एकच होतं. सान हुआनच्या सणाला चौकातल्या मांडवावर चढून आपण गिटार वाजवावी, आणि आपल्याला टाळणारी ही माणसं एकदा तरी आपल्यासमोर नाचावीत.

विकतची विजेची गिटार तेव्हा आमच्या जंगलापर्यंत पोचतच नव्हती. मग त्यानं घरीच करायला घेतली.

माझं पोट शवपेटीच्या झाकणाचं आहे. लाजायचं काय त्यात? बंदराचा मुकादम मरायला टेकला होता, बायकोनं पेटी सांगून ठेवली, आणि तिसऱ्या दिवशी हा पठ्ठ्या उठून भाजलेली केळी मागायला लागला. पेटी पडून राहिली. बापानं तिचं झाकण रंधून रंधून पापडासारखं केलं आणि त्यात दोन लांबट, नागमोडी भोकं कोरली. मान पलंगाच्या पट्टीची, महोगनीची. मानेवरचे सुरांचे पडदे पितळी तारेचे. तारांची थरथर पकडायला लोहचुंबक, तेही फुटक्या रेडिओच्या कर्ण्यातलं, आणि त्याभोवती जुन्या टेलिफोनातली केसासारखी तार. ती गुंडाळायला त्यानं बायकोचं शिवणयंत्र आठवडाभर अडकवून ठेवलं. बायको म्हणजे तेओलिंदाबाई.

"अहो, डॉक्टरीणबाईंचा झगा एका बाहीवर अडलाय!"

"गप गं, चार हजार वेढे झालेत. बोललीस तर मोजणी चुकेल."

"मोजा. आजवर मढी मोजलीत, आता तारा मोजा."

पहिल्यांदा मी आतून साफ पोकळ होते. बापानं चर्चचा मोठा कर्णा मागून आणला, सायकलच्या ब्रेकच्या तारा तात्पुरत्या ताणून मला जोडलं, आणि मी अशी विव्हळले की गल्लीतली कुत्री नदीपलीकडे गेली. झालं होतं असं, की कर्ण्याच्या आवाजानं माझं पातळ पोट थरथरायचं, ती थरथर तारा पकडायच्या, तीच पुन्हा कर्ण्यातून ओरडायची. आपलाच आवाज ऐकून चेकाळायचं! गावच्या अध्यक्षालाही हाच आजार होता.

मग बापानं माझ्या पोटात मधोमध, मानेपासून बुडापर्यंत, लाकडाचा एक ठोकळा बसवला. दोन्ही कुशी पोकळ, मधला भाग भरीव. अर्धी पोकळ, अर्धी भरीव म्हणजे अगदी माणसासारखी. त्यानंतर कितीही मोठा कर्णा लावा, मी गोडच बोलायचे. तो ठोकळा म्हणजे माझा कणा होता.

रंग मात्र होडीचा उरलेला, पोपटी. म्हणून नाव लोरा, म्हणजे पोपटीण.

सगळं झालं, पण गिटारच्या खऱ्या तारा कुठे होत्या? आणि इथेच बापानं शहाणपणा केला. माझ्या आयुष्यातली सगळी संकटं बापाच्या शहाणपणातूनच आलीत.

आमच्याकडे नवी वस्तू तशीच वापरत नाहीत. होडी असो, घर असो, साधी करवत असो, तिचा बाप्तिस्मा होतो. एक धर्मबाप नेमायचा, त्यानं उसाच्या दारूचे चार थेंब शिंपडायचे आणि वस्तूला काहीतरी भेट द्यायची. गावात रोमुलो तानान्ता नावाचा नाचाच्या बँडचा म्होरक्या होता. त्याच्याकडे राजधानी लिमाहून तारा यायच्या. बापानं त्यालाच धर्मबाप केला. तारा फुकट मिळाल्या!

पण धर्मबाप झाला की तो आपला कोंपाद्रे होतो. कालपर्यंत दोघांचं अरे-तुरे होतं, दारूचे थेंब पडले आणि अहो-जाहो सुरू झालं. आणि कोंपाद्रेनं काही मागितलं तर नाही म्हणता येत नाही. भावाला म्हणाल, पाद्रीबाबाला म्हणाल, कोंपाद्रेला नाही. सहा तारांसाठी माझा बाप जन्मभराचा 'हो' देऊन बसला.

चार महिने तो रोज संध्याकाळी मला मांडीवर घेऊन सराव करायचा. सणाला तीन दिवस राहिले आणि रोमुलो आला. केसांना तेल, तोंडाला त्याहून जास्त.

"कोंपाद्रे, शनिवारच्या नाचापुरती पोरगी द्या. रविवारी सकाळी आणून सोडतो."

"सोमवारी सान हुआन आहे हो."

"म्हणून तर रविवार म्हणतोय. धर्मबाप आहे मी तिचा, पळवून नेणार आहे का?"

आतून तेओलिंदाबाई म्हणाल्या, "पळवणारे असंच विचारतात."

बापानं थोडा वेळ स्वतःच्या चपलांकडे पाहिलं आणि मला त्याच्या हातात दिलं.

रविवारी सकाळी मी लाकडं वाहणाऱ्या ट्रकमध्ये होते. डोंगर चढत होते, लिमाच्या वाटेला. सोमवारी बाप रिकाम्या हातानं मांडवापाशी उभा राहिला. तिथे कुणीतरी ओरडलं, "काय हो, मांडवाचं माप घेताय काय?" आणि सगळा चौक हसला. हे मला नंतर तेओलिंदाबाईंकडून कळलं.

लिमात माझी तबकडी निघाली. रोमुलोची बोटं माझ्यावर कशी फिरायची, त्याबद्दल मी इथे फार बोलणार नाही. तबकडी गावात पोचली, बाजारातल्या कर्ण्यावर लागली, आणि मासे विकणाऱ्या बायकासुद्धा टोपल्या खाली ठेवून नाचल्या. बाप खिळे घ्यायला आला होता. दुसऱ्या सुराला त्यानं मला ओळखलं. खिळे न घेताच घरी गेला.

दोन वर्षांनी माझी मान हलायला लागली. रोमुलो मला घेऊन आला. हातात लिमाचा गोड पाव, जणू काल संध्याकाळीच गेला होता.

"कोंपाद्रे, मान तेवढी बसवून द्या. रविवारी मोठा जलसा आहे, पाच हजार माणसं."

"ठेवा. परवा या," बाप म्हणाला.

मला वाटलं, सुटले. आता हा मला देणार नाही. कोंपाद्रे गेला खड्ड्यात!

बापानं दार लावून घेतलं. सुरी तापवून माझी पाठ उघडली. मान बसवली, इतक्या हळुवार की मला झोप यायला लागली. मग त्यानं पटाशी उचलली आणि माझा कणा कापून काढला. मानेला धरायला मुठीएवढा तुकडा ठेवला, बाकीचा ठोकळा काढून बाकाखाली टाकला. पाठ पुन्हा चिकटवली. सांधा शोधून दाखवा!

ठरल्या दिवशी रोमुलोनं मला कारखान्यातल्या छोट्या रेडिओला जोडून पाहिलं. छोट्या कर्ण्यावर मी उलट जास्तच गोड वाजले.

"तुमच्या हातात देव आहे हो, कोंपाद्रे!"

"या," बाप म्हणाला. "सांभाळून जा."

मी ओरडून सांगणार कशी? तारेला बोट लागेपर्यंत मी मुकी. आणि त्या छोट्या कर्ण्यावर तर गोडच निघत होतं. पुढचं बोट लागलं ते पाच हजार माणसांसमोर, माणसाएवढ्या आठ कर्ण्यांपुढे. पहिलाच सूर, आणि मी पुन्हा विव्हळले. रोमुलो मला इकडे वळवतो, तिकडे वळवतो, मी जास्तच. माणसांनी कान झाकले, मग हसली, मग संत्री फेकली. हसण्यात माझाही नंबर पहिला असतो, पण त्या दिवशी मी रडत होते.

आठवड्यात तो परत आला. मला बाकावर आपटलं.

"माझ्या धर्मकन्येचं पोट फाडलंत तुम्ही!"

"बसा, पाणी घ्या."

"आता मी लोकांना तोंड कसं दाखवू?"

"मला दाखवताय ना? तसंच."

तो गेला. मला न घेता. त्यानं नवी, भरीव गिटार घेतली म्हणे. बाजारात भेटले की दोघं अजून टोपी काढून अहो-जाहो करतात. रीत ती रीत!

आणि मी? कारखान्यात खिळ्याला टांगलेली आहे. माझ्या भोकातून तेओलिंदाबाई दोऱ्याची रिकामी रिळं आत टाकतात. माणसांनो, भांडायचं तर खुशाल भांडा. एकमेकांची डोकी फोडा, ती तुमचीच आहेत. पण मधे दुसऱ्या कुणाचं पोट घेऊ नका. एकानं मला चोरलं, दुसऱ्यानं चिरलं, आणि दोघंही मला लेक म्हणायचे.

परवा बापानं मला खाली काढलं. डोळे अधू झालेत, हातांनीच धूळ पुसत होता. अंगठा तारांवरून गेला तशी मी साचलेलं सगळं एकदम बोलून टाकलं. तो चोर होता, त्याचं काय घेऊन बसायचं? पण तू तर बाप! तू का चिरलंस मला?

तारा गप्प होईपर्यंत त्यानं माझ्या पोटाला कान लावून ठेवला होता. मग म्हणाला, "चार महिने माझ्या मांडीवर होतीस. बाजारात त्याच्या हातची ऐकली मी तुला. तशी माझ्याकडे एकदा तरी वाजलीस का गं?"