फुल व्हर्जन

शिवराज काकांच्या हस्ताक्षरापायी हे सगळं सुरू झालं.

शिवराज काका म्हणजे तामलवाडीतले फौजेतून निवृत्त झालेले हवालदार. उभी नोकरी पलटणीच्या बँडात क्लॅरिनेट वाजवण्यात गेली. गावी परतल्यावर त्यांनी पत्र्याच्या शेडात पोरं जमवली आणि बँड शिकवायला घेतला. वरातीतला नव्हे, कागदावरच्या पाच रेघा वाचून वाजवायचा. फौजेच्या नाहीतर पोलिसांच्या बँडात भरती व्हायचं असेल तर नोटेशन वाचता आलंच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. पण आता त्यांचा हात कापायचा. त्यांनी काढलेला ठिपका रेघेवर आहे की दोन रेघांच्या मधे, यावरून पोरांत वाद व्हायचे आणि क्लॅरिनेट एकीकडं तर ट्रम्पेट भलतीकडं निघून जायचं.

एक दिवस ते प्रतीक्षाच्या दारात येऊन उभे राहिले. "सूनबाई, तू संगीतात बीए केलंयस म्हणं. हे कंप्युटरवर छापून देशील का?"

प्रतीक्षाला तेव्हा बाळंत होऊन चार महिने झाले होते. अर्पिता मांडीवर होती. कॉलेजात कीबोर्डच्या परीक्षेसाठी शिकलेल्या त्या पाच रेघा लग्नानंतर तिनं पुन्हा पाहिल्याही नव्हत्या. ती लगेच हो म्हणाली. घरात बसलेल्या आपल्याला अजून काही येतं का, असं कुणीतरी विचारतंय, एवढ्यानंच तिचं पोट भरलं.

अडचण सॉफ्टवेअरची होती. नोटेशन लिहिण्याचं नावाजलेलं सॉफ्टवेअर होतं, पण त्याला दर वर्षी पैसे भरायचे, म्हणजे जणू भाडंच. त्याची चाचणी प्रत फुकट मिळायची. मात्र छापलेल्या प्रत्येक पानावर आडवी फिकट अक्षरं उमटायची आणि ठिपके त्यात बुडून जायचे. तिसरं एक होतं, खुलं, कायद्यानं फुकट. ते तिनं उतरवूनही घेतलं. पण ते शिकायचं म्हणजे व्हिडिओ बघत बसायचं, आणि बाळ उठायच्या आत दोन ओळीसुद्धा लिहून व्हायच्या नाहीत. क्लॅरिनेटचा कागद वेगळ्या पट्टीत, युफोनियमसारख्या मोठ्या पितळी वाद्याचा आणखी वेगळा; ते कसं बदलायचं हेच तिला सापडेना.

तिचा नवरा बजरंग सोलापूरला कारखान्यात होता. तो म्हणाला, "कशाला डोकं फोडून घेतीस? योग्याला देऊ. तो सगळं टाकून देतोय."

योगीराज म्हणजे बजरंगचा दहावीपर्यंतचा बाकावरचा सोबती. तुळजापुरात त्याचं कंप्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. त्यानं लॅपटॉप दोन दिवस ठेवून घेतला आणि स्वतः घरी आणून दिला.

"घ्या वहिनी, फुल व्हर्जन! पानावर अक्षरं न्हाईत, काय न्हाय. फुकटातलं ते असलं कोण वापरतंय?" चहा पिता पिता तो म्हणाला. "आणि अजून एक टाकलंय बघा. काय अडलं तर फोन करा, मी दुकानात बसून हितलं सगळं नीट करतो. तुमाला लेकरू घेऊन तुळजापूरला हेलपाटा नको."

बजरंगला ते फार आवडलं. प्रतीक्षालाही आवडलं, खरं तर. त्यानं पासवर्ड विचारला तेव्हा तिनं मुकाट्यानं सांगितला. घरचाच माणूस, त्याला नाही कसं म्हणायचं?

काम झकास सुरू झालं. अर्पिताला पाजत पाजत ती एका हातानं माउस चालवायची. मधल्या खोलीत दार लोटून, पदर बाजूला टाकून, निवांत. एकदा लिहिलं की एका बटणावर ट्रम्पेटचा कागद निघायचा, दुसऱ्यावर युफोनियमचा. काकांनी पहिली पानं उजेडात धरून पाहिली आणि पोरांना म्हणाले, "आता चुकला तर दोष तुमचा, कागदाचा न्हाय."

मग एका दुपारी पडद्यावरचा बाण आपोआप हलला.

तिचा हात माउसवर नव्हताच. बाण सावकाश वर गेला, कडेची समासाची रेघ थोडी आत ओढली आणि थांबला. प्रतीक्षानं अर्पिताला छातीशी घट्ट धरलं. फोन वाजला.

"घाबरलात काय वहिनी? मीच हाय. समास वाकडा दिसला, म्हणून सरळ केला."

"मी फोन केला नव्हता, भाऊजी."

"आपलं घरचंच काम समजून बघितलं. राग आला का?"

"नाही, नाही," असं ती म्हणाली आणि फोन ठेवल्यावर आपण असं का म्हणालो, यावर विचार करत राहिली.

त्यानंतर तिची नजर लॅपटॉपवरून हटेना. पडद्याच्या वरच्या पट्टीत, मधोमध, कॅमेऱ्याची इवली काच होती आणि तिच्या शेजारी हिरवा दिवा. तो कधीकधी लागलेला असायचा. आधीपासूनच लागायचा का? आठवेना. लागला की ती उठून दुसरीकडं बसायची, मग स्वतःलाच हसायची. लॅपटॉपचे सतराशे साठ दिवे असतात. बजरंगला सांगावं असं दहादा ओठांवर आलं. पण सांगायचं काय? तुमच्या मित्रानं समास सरळ केला? तो म्हणणार, काम झेपत नसंल तर बंद कर. आणि काम बंद झालं की ती पुन्हा नुसती अर्पिताची आई. त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं, असं ती मनाला समजवायची. पाजताना मात्र पदर ओढून घ्यायची, आणि पदराआडही तिच्या अंगावर काटा यायचा.

पुढच्या सोमवारी सकाळी पुन्हा योगीराजचा फोन आला.

"वहिनी, जरा लॅपटॉप पुसून घ्या. वर, पडद्याच्या वरच्या पट्टीला, काहीतरी लागलंय. त्यानं मशीन तापतंय बघा."

"बरं," ती म्हणाली.

अर्पिताचा लंगोट हातात तसाच धरून ती मधल्या खोलीत गेली. लॅपटॉप उघडाच होता. वरच्या पट्टीत, बरोबर त्या काचेवर, काळा जाड ठिपका होता. तिनं बोट लावलं. बोट काळं झालं. काजळ.

ती पुसणार होती. पदराचं टोक तिनं उचललंसुद्धा होतं. आणि मग हात तिथंच राहिला.

त्याला कसं कळलं?

तो तुळजापुरात. ठिपका तामलवाडीत, दार लोटलेल्या खोलीत. बाण हलवणाऱ्या माणसाला पडद्यातलं दिसतं, पडद्याबाहेरची पट्टी दिसत नाही. ती दिसायची असेल तर...

नाही, पट्टी दिसली नव्हती त्याला. त्याला दिसायचं बंद झालं होतं.

प्रतीक्षा कॉटच्या कडेला बसली. दुपारमागून दुपार डोळ्यांपुढून गेली. मोकळा पदर, अर्पिताची मूठ, ओलं झालेलं झंपर.

"आत्या," तिनं हाक मारली. "आत्या, हे काजळ कुणी लावलं?"

कमलबाई, तिची सासू, पदराला हात पुसत आत आली. "म्या लावलंय. का, बिघडलं का काय?"

"कशाला लावलंत?"

"अगं, तू पोरीला घेऊन बसतीस आन् ते हिरवं डोळं उघडून टकाटका बघत बसतंय. काल तू आंघोळीला गेलतीस, पोर हितं पाळण्यात, आन् ते आपसूक पेटलं. म्या म्हणलं, पोरीच्या गालाला काजळ लावून काय कामाचं, बघणाऱ्याच्याच डोळ्यात घालावं." ती हसली. मग प्रतीक्षाकडं बघून तिचं हसू मावळलं. "काय झालं गं? तोंड असं का केलंस?"

प्रतीक्षानं सांगितलं. सलग नाही, तुटक तुटक, रडू आवरत. कमलबाईनं सगळं ऐकून घेतलं. कंप्युटरातलं तिला कितपत कळलं कोण जाणे; पण फोन कुणाचा आला आणि काय म्हणाला, एवढं तिला पुरलं.

"मेला हितं बसून चहा पिऊन गेला की गं," ती हळू म्हणाली. "म्याच केलता."

"आत्या, यांना खरं वाटेल का?"

कमलबाईनं दाराला कडी घातली, आपल्याच घरात, भर दिवसा. आणि बजरंगला फोन लावायला सांगितलं. "आई बोलवती म्हण. दुसरं काय बोलू नको."

बजरंग आला तो धापा टाकतच, कुणाला काय झालं या धास्तीनं. ऐकल्यावर मात्र तो खुर्चीत मागं रेलला.

"योग्या? अगं, योग्याला मी चड्डीत असल्यापासून ओळखतो. काहीतरी गैरसमज झालाय तुझा. मशीन तापतं म्हणाला ना?"

प्रतीक्षाला हीच भीती होती. ती भीती समोर येऊन बसली, आणि तिला वाटलं होतं तेवढी मोठी नव्हती. "मग तुम्हीच विचारा," ती म्हणाली. "माझं नाव घेऊ नका. नुसतं म्हणा, लॅपटॉप चालंना. आणि आवाज मोठा ठेवा."

बजरंगनं हसतच फोन लावला. "काय योग्या, तुझं ते फुल व्हर्जन चालंना झालंय की."

"आरं, मी सकाळीच वहिनींना सांगितलंय. वरच्या पट्टीला काळं काहीतरी लागलंय, ते पुसा म्हणून."

"काळं?"

"व्हय. पुसलं का न्हाय?"

बजरंगचं हसू ओठांवरच राहिलं. त्यानं लॅपटॉपकडं पाहिलं. मग आईकडं. बायकोकडं पाहायचं त्यानं टाळलं.

"तुला कुठनं दिसलं रं, काळं हाय म्हणून?"



"अंदाजानं... अंदाजानं बोललो. धूळ बसती ना. बजा, गिऱ्हाईक आलंय, ठेवतो."

बजरंग उठला. त्याचा चेहरा असा झाला होता की कमलबाईनं आधी त्याच्या हातातली मोटारसायकलची किल्ली काढून घेतली. "त्याचा मुडदाच पाडतो," तो म्हणाला.

"तुम्ही तिथं जाईपर्यंत तो सगळं पुसून टाकील," प्रतीक्षा म्हणाली. "आणि पुसलं असं दाखवून कुठं ठेवील, ते कुणाला कळायचंही नाही." "धाराशिवला सायबरचं ठाणं आहे. आत्ताच जायचं. लॅपटॉप आहे तसा न्यायचा."

तिनं वायफाय बंद केलं, लॅपटॉप मिटला. काकांची अर्धी राहिलेली पानं त्यातच राहिली. काकांना फोन करून ती एवढंच म्हणाली, "काका, पुढची पानं उशिरा मिळतील. मी दुसऱ्या सॉफ्टवेअरवर नव्यानं लिहीन." काकांनी कारण विचारलं. तिनं 'नंतर सांगते' म्हणून फोन ठेवला.

तुळजापूरहून धाराशिवची एसटी भरलेली होती. बजरंग पिशवी मांडीवर घेऊन खिडकीकडं तोंड करून बसला होता. सबंध वाटेत तो एकदाच बोलला, "पासवर्ड मीच द्यायला लावला व्हय गं?" आणि प्रतीक्षानं "नाही, मीच दिला," असं सांगितल्यावर पुन्हा खिडकीकडं वळला.

अर्ध्या वाटेत अर्पिता रडायला लागली. भुकेचं रडणं. प्रतीक्षानं तिला खांद्यावर घेतलं, थोपटलं, किल्ल्यांचा जुडगा वाजवला. पोर थांबेना. दूध भरून आलं होतं, छाती ठणकत होती, तरी तिचा हात पदराकडं जाईना. पुढच्या सीटवरचा माणूस मोबाइल उंच धरून काहीतरी बघत होता. पलीकडची कॉलेजची पोरगी फोनमध्ये बघून केस सारखे करत होती. प्रत्येक फोनला पुढं-मागं बारीक बारीक काचा होत्या आणि त्या सगळ्या तिच्याकडंच वळलेल्या होत्या. ठाण्यात काय काय विचारतील? किती दिवस? काय दिसत असेल? ते कुणाकुणाला दाखवावं लागेल? आणि योगीराजच्या त्या कंप्युटरातून ते कुठं कुठं गेलं असेल?

"पाज की तिला," कमलबाई म्हणाली.

"नको आत्या. धाराशिवला गेल्यावर."

"लेकरू तिकडं जाईपतूर जीव सोडंल."

"नाही होत मला, आत्या."

कमलबाईनं तिच्याकडं नीट पाहिलं. मग धावत्या गाडीत ती उठली, दांड्याला धरून प्रतीक्षाच्या पुढ्यात येऊन उभी राहिली, साऱ्या गाडीकडं पाठ करून. लुगड्याचा पदर दोन्ही हातांनी कमानीसारखा उभा धरला. कंडक्टर ओरडला, "आज्जी, बसा खाली, पडशीला!"

"पडन तर पडन, तू तुझी तिकिटं फाड," ती मान न वळवता म्हणाली.

प्रतीक्षानं हूक काढला. अर्पिता पटकन लागली, घटाघटा प्यायला लागली. प्रतीक्षा मात्र लुगड्याच्या कडेच्या फटीतून बाहेर बघतच राहिली, एक एक फोन, एक एक हात. आणि पाठीला हिसके बसत असतानाही कमलबाई तिथून हलली नाही.