माझ्या समासातला झीलकरी

मित्रांनो, मी एक जुना शब्दकोश आहे, आणि म्हातारा झालो म्हणून गोडगोड बोलेन अशी आशा धरू नका. इंग्रजी शब्दांचे मराठी अर्थ सांगणं हे माझं काम. माझ्या पोटात वीस हजार शब्द आहेत, त्यांत शिव्याही आहेत.

ठाकूरद्वारच्या एका छापखान्यात मी जन्मलो. खिळे जुळवणाऱ्यांनी एकेक अक्षर वेचून मला उभं केलं. बाइंडरनं लाल कातडं चढवलं, पाठीवर सोनेरी नाव ठोकलं. परळच्या वाचनालयानं मला आणलं तेव्हा हार घातला, आणि लगेच काचेच्या कपाटात कोंडून कुलूप लावलं! पाहुणे आले की चिटणीस बाबुराव काचेवर बोट टेकवून म्हणायचे, "हा आमचा मानाचा ग्रंथ." कसला मान? वीस वर्षांत मला उघडलं कुणी नाही. फक्त कसर न चुकता जेवत होती.

छप्पन्न साल आलं. संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ झाले, गिरण्यांचे भोंगे गप्प बसले. त्या रिकाम्या दिवसांत वरळीच्या बीडीडी चाळीतला लवू तांबे वाचनालयात शिरला. गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवणारा, चौथी शिकलेला माणूस. इंग्रजी त्यानं पाट्या वाचून सुरू केलं होतं. चाळीच्या जलशात तो गायचा. जलशात शाहीर ओळ टाकतो आणि मागं उभे असलेले झीलकरी ती उचलून धरतात. लवू त्या झीलकऱ्यांतला.

रद्दीतून त्याला एक अमेरिकन मासिक मिळालं होतं. त्यात महायुद्धानंतर लिहू लागलेल्या दोन कवींच्या कविता होत्या. एक बोटीवर राबलेला काळा माणूस, दुसरी खाणीच्या गावात शाळा चालवणारी गोरी बाई. नावं जिभेवर वळेनात म्हणून लवूनं त्यांना खलाशी आणि मास्तरीण करून टाकलं.

"मानाचा ग्रंथ घरी मिळणार नाही," बाबुराव म्हणाले. "उभ्यानं बघायचा. आणि हात धुऊन."

"धुतलेत, बाबुराव. तेल जातं कुठं? कातडीत मुरलंय."

वर्षभर तो दर रविवारी आला. माझ्या पानांना गिरणीच्या तेलाचा वास लागला, आणि मला पहिल्यांदा वाटलं की मी जिवंत आहे.

मासिकाच्या शेवटच्या पानावर दोन्ही कवींची माहिती होती. तिथं त्याला 'क्वायर' हा शब्द अडला. मी अर्थ सांगितला, 'चर्चमधील गायकवृंद'. लवूनं तो तीनदा वाचला आणि हसला. कानामागची पेन्सिल काढून त्यानं माझ्या समासात लिहिलं, 'झीलकरी'.

बाबुरावांनी पाहिलं. "ग्रंथ नासवलास! सभासदत्व रद्द! तुम्हा लोकांना आत घेतलं हीच चूक झाली."

"तुम्हा लोकांना म्हणजे कुणाला?" लवूनं विचारलं. बाबुरावांनी मला त्याच्या हातातून ओढून घेतलं. लवूचा चेहरा मात्र उतरला. वाचनालयाचं दार बंद झालं की त्याचं शिक्षणच बंद.

पण शेवटचा निकाल पुढच्या रविवारी वाचनालयाचे अध्यक्ष, प्राध्यापक गंगाधर लघाटे, देणार होते. त्या दिवशी त्यांचंच व्याख्यान होतं, आणि तेही याच दोन कवींवर! बाबुराव मला काखेत मारून सभेला घेऊन आले. मानाचा ग्रंथ आता मुद्देमाल झाला होता. मागच्या बाकांवर लवू, त्याची बायको कौसल्या आणि चाळीतले जलसेवाले बसले.

"काय वं," कौसल्या कुजबुजली, "फाशी देतील का?"

"गप गं."

प्राध्यापकांनी तासभर तुलना केली. खलाशी आरडाओरडा करतो, एकच ओळ चारचारदा लिहितो, म्हणजे त्याच्याकडं शब्दांचं दारिद्र्य. मास्तरीण संयमी, कडव्याखाली जागा कोरी सोडते. दोघांत साम्य शून्य.

लवू उठला. त्यानं हातातलं मासिक वर धरलं.

"सर, तुम्ही शेवटचं पान वाचलंत?"

"खाली बस!" बाबुराव ओरडले.

"माझ्याकडं फक्त कवितांच्या नकला आहेत," प्राध्यापक म्हणाले. "काय आहे त्या पानावर?"

"खलाशी लहानपणी काळ्या लोकांच्या प्रार्थनाघरात झील धरायचा. मास्तरणीचं घर तसल्याच प्रार्थनाघराच्या भिंतीला लागून. दोघांच्या कानात एकच गाणं, सर. खलाशी तीच ओळ पुन्हापुन्हा म्हणतो, कारण बोटीवर त्याच्या मागं उचलायला कुणी नाही. स्वतःच शाहीर, स्वतःच झीलकरी. आणि मास्तरीण जागा सोडते ती आपल्यासाठी. तिथं आपण म्हणायचं."

"हे सिद्ध कसं करणार?"

"म्हणून दाखवतो." आणि लवूनं आपल्या मराठीत मास्तरणीची ओळ टाकली, "खाणीत जी माणसं गेली, ती मोजली कुणी?"

 कोरी जागा तशीच राहिली. मग कौसल्या बसल्या जागेवरून ओरडली, "आम्ही मोजली!"

"अंधारात त्यांनी जी हाक दिली, ती ऐकली कुणी?"

"आम्ही ऐकली!" आता जलसेवाले उठले. तिसऱ्या ओळीला पुढच्या खुर्च्यांवरचे कारकून उठले. चौथ्या ओळीला सबंध सभागृह गरजत होतं, खिडक्यांची तावदानं थरथरत होती, आणि टेबलावर मीही थरथरत होतो. विचारा बाबुरावांना, त्यांचेही ओठ हलत होते!

प्राध्यापकांनी शेवटचं पान मागून वाचलं, मला उघडलं, समास पाहिला. "मी तासभर चुकीचं बोललो," ते सर्वांसमोर म्हणाले. "अर्थ कोशात अर्धा होता, तांब्यांनी पुरा केला. सभासदत्व कायम. पेन्सिलीची माफी."

उपकार नव्हता तो. चूक होती आणि त्यांनी ती कबूल केली. तेवढं करायलाही छाती लागते.

"माफी नको, सर," लवू म्हणाला. "कपाट उघडा."

टाळ्यांत बाबुरावांचा आवाज बुडाला. किल्ली त्यांनी कमरेची सोडून टेबलावर ठेवली. पुढच्या रविवारी कौसल्या गिरणीतल्या पाच मैत्रिणी घेऊन आली. त्यांनी मला मधोमध ठेवलं आणि माझ्यावरून भांडल्या. काय सुख होतं ते!

आज माझं सोनेरी नाव पुसलंय, शिवण दोनदा घातलीय. मला त्याचं दुःख नाही. मित्रांनो, पुस्तकं जपा, पण काचेआड नको. फाटलं तर चिकटवा, सुटलं तर शिवा, पण उघडा. आणि तुमच्या वस्तीत एखादं बंद कपाट असेल, तर किल्ली मागा. दिली नाही तर पुन्हा मागा. एकट्यानं नको, पाचजण मिळून मागा.