पानदेवाची साफसफाई

मी सोसायटीची सेक्रेटरी आहे आणि मला कचरा बघवत नाही. त्यामुळे जानेवारीतल्या एका रविवारी आमच्या खारघरच्या इमारतीमागच्या टेकडीवर सहल ठरली, तेव्हा मी ग्रुपवर आधीच बजावलं की नुसतं हात हलवत चढायचं नाही, वाटेतलं प्लॅस्टिक उचलत चढायचं.

"म्हणजे रविवारीही ड्यूटीच," माझा नवरा जयप्रकाश म्हणाला. सगळ्यांत मोठी पिशवी मी त्याच्याच हातात दिली.

आम्ही पंधरा जण होतो, त्यात निम्मी पोरं. शिवाय मालतीआजी. माझ्या जाईच्या वर्गात मनस्वी आहे, तिची ही आजी. बिल्डिंगा यायच्या आधीपासूनच्या गावातली. आमची सोसायटी उभी आहे तिथे पूर्वी त्यांचं भातशेत होतं. पुढच्या महिन्यात त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन होतं, आणि या बाई काठी टेकत टेकडी चढायला आलेल्या!

"आजी, तुम्ही खालीच बसा ना," मी म्हटलं.

"नाय गो बाय. मनूचा दगड ठेवायचा हाय वर. आमच्या घरातलं प्रत्येक पोर एकदा आपल्या पायानं जाऊन ठेवतं. मोठ्या मानसानं जागा दाखवायची असते. मालक गेले, आता मीच उरलीय. आपरेशन झाल्यावर मला कोन चढू देतंय?"

मनस्वीने खिशातून एक गुळगुळीत काळा गोटा काढून मला दाखवला. कुठे ठेवायचा, कसा ठेवायचा, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं. पण तेवढ्यात आमच्या सोसायटीतल्या शौनकने चिप्सचं पाकीट फोडलं आणि माझं सगळं लक्ष तिकडे गेलं.

मालतीआजी दर दहा पावलांवर थांबत होत्या. मनस्वी आणि जयप्रकाश त्यांच्याबरोबर राहिले. मी बाकीची पलटण घेऊन पुढे. सागाच्या झाडीतून वाट छान सावलीची होती. पोरं ओरडत होती, मी पोरांवर ओरडत होते, एकंदरीत मजा चालली होती.

माथ्याच्या जरा अलीकडे एका जुन्या झाडाखाली वाळलेल्या पानांचा हा एवढा ढीग दिसला. वर बरेच गोटे. एखाद्याने काडी टाकली तर अख्खी टेकडी पेटेल! "उचला!" मी हुकूम सोडला. अर्ध्या तासात मी आणलेल्या झाडूने पाचोळा गोळा करून चार पिशव्यांत भरला आणि जमीन लख्ख. उरलेल्या गोट्यांचं काय करायचं? शौनकच्या डोक्यातून कल्पना निघाली. पोरांनी गोटे मांडून मोकळ्या जागेवर सोसायटीचं नाव लिहिलं: हरितकुंज. मी फोटो काढून ग्रुपवर टाकला. अकरा जणांनी अंगठे दिले.

मग मालतीआजी पोचल्या. झाडाकडे बघितलं, जमिनीकडे बघितलं आणि पुन्हा झाडाकडे.

"पानदेव कुठं गेला?"

जाईने हळूच पिशव्यांकडे बोट केलं.

आजी दगडावर बसल्या. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. चिडलेल्या माणसांशी मला छान भांडता येतं. "इथं येनारा एक हिरवं पान ठेवतो," त्या म्हणाल्या. "घरचं पोर दगड ठेवतं, पान उडू नये म्हनून. मालकांचा दगड होता, लालसर, मधे पांढरी रेघ. त्याच्या शेजारी मनूचा ठेवायचा होता." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चूक कबूल करायची मला सवय नाही, तरीही म्हटलं, "आजी, चुकलं माझं."

आणि मग मीच पहिली पिशवी उपडी केली. सगळ्यांनी मिळून पाचोळा पुन्हा झाडाखाली ओतला. मी गुडघ्यांवर बसून त्यातनं चॉकलेटचे कागद वेगळे काढले. पोरं एकेक अक्षर मोडत गोटे आणून आजींना दाखवत होती. 'ह' गेला, 'रि' गेला. आजी नकारार्थी मान हलवत होत्या आणि तो तो गोटा मी परत ढिगावर ठेवत होते. मनस्वी आपला गोटा मुठीत घट्ट धरून उभी होती, रडू दाबत.

"हा बघा!" जाई ओरडली. "'कुं'च्या डोक्यावर टिंब म्हणून ठेवला होता!"

लालसर गोटा, मधे पांढरी रेघ. आजींनी तो पदराने पुसला, उलटसुलट केला आणि एकदम हसत सुटल्या. हसता हसता डोळ्यांना पाणी आलं त्यांच्या.

"शेतावर तुमची बिल्डिंग झाली, तवापासून मालकांनी तिची पायरी कदी चढली नाय. रागच होता त्यांना. आन् आज बगा, तिच्या डोक्यावर जाऊन बसले!"

जयप्रकाश तर खाली बसून हसला.

आजींनी तो ढिगावर ठेवला. मनस्वीने आजोबांच्या त्या दगडाशेजारी आपला काळा गोटा ठेवला आणि त्यावर सागाचं हिरवं पान. दोन्ही दगड एकमेकांना टेकतायत ना, हे आजींनी बोटाने चाचपून बघितलं. जाईने माझा हात ओढला. "आई, आम्ही पान ठेवू?"

"तो त्यांच्या घरचा देव आहे गं," मी म्हटलं.

"पायानं चढून आलाव ना सगले? मग ठेवा की," आजी म्हणाल्या.

सगळ्यांनी पानं ठेवली. सगळ्यांत शेवटी मी. उठताना आजींनी माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि तो सोडलाच नाही.

"शेक्रेटरीबाई, मनूची पोरं येतील तवा मी नसेन. मोठं मानूस लागतं जागा दाखवायला. यातला एकूनएक दगड तुमच्या हातातून गेलाय. तुमी आनाल ना त्यांना?"

वीस वर्षं मी खारघरमध्ये राहते. आजवर इथल्या कुणी मला मेंटेनन्सच्या पावतीखेरीज काही मागितलं नव्हतं.

"आणेन," मी म्हटलं.

"आन् झाडू घरी ठेवून या," आजी म्हणाल्या, आणि माझ्या खांद्यावर भार टाकून टेकडी उतरू लागल्या.