फलाट सातची घोषणा

…बटणावरचा लाल रंग पार निघून गेलाय, मधोमध पांढरा ठिपका पडलाय, आणि तो माझ्याच अंगठ्याने पाडलाय – नऊ वर्षं, रोज शंभर वेळा – हे सुलक्षणाला आज पहिल्यांदा दिसत होतं, कारण आज ती बटण दाबत नव्हती, नुसती बघत बसली होती. माइकवर तिनेच शिवलेलं फडकं होतं. धूळ बसू नये म्हणून. वा गं वा, धुळीपासून जपत होतीस!

काचेपलीकडे धुळ्याचं बसस्थानक नेहमीसारखं भरलेलं. फलाट सातवर पारोळ्यावरून जळगावला जाणारी गाडी केव्हाची लागली होती आणि वाहक मान वर करून कर्ण्याकडे बघत होता, घोषणा का होत नाही म्हणून.

“राहू दे, मी बोलतो,” शेजारच्या खुर्चीवरून भटूनाना म्हणाले. तेही वाहतूक नियंत्रक, पुढच्या वर्षी निवृत्त होणारे. “तू खिडकी सांभाळ. चार दिवसांत विसरतात लोक.”

चार दिवस! अकरा झाले, नाना. अकरा दिवसांपूर्वी रसवंतीवाल्याच्या मोबाइलमध्ये मी मला ऐकलं – प्रवाशांनी कृपया लक्ष द्या – तोच माझा ‘कृपया’, तोच गाडीच्या नावाआधीचा माझा श्वास – वाहतूक नियंत्रक सुलक्षणा पाटील आज ड्यूटीनंतर एकट्या आहेत, इच्छुकांनी संपर्क साधावा – आणि पुढे दहा आकडे. माझे. एकेक आकडा सुटा, स्पष्ट, मी गाडीचा नंबर सांगते तसा. कुणी हरामखोराने इथल्याच बाकावर बसून माझ्या घोषणा टिपल्या, मशीनला पाजल्या, आणि मशीन माझ्या गळ्याने बोलायला लागलं. त्यानंतर रोज नवी क्लिप. आज अबोली साडी, आज केस मोकळे – म्हणजे तो बघतोय, रोज बघतोय, आणि मी काचेच्या खोलीत बसलेय. पोलिसांत तक्रार दिलीय. तपास चालू आहे म्हणतात. फोनही चालूच आहेत, काल एका दिवसात त्रेसष्ट.

आणि समाधान. सात वर्षं संसार केलेला नवरा. पूर्ण ऐकलं त्याने, मान खाली घालून ऐकलं, आणि म्हणाला, “आवाज तर तुझाच आहे ना पण.” एवढंच. मग पाणी प्यायला… त्या ‘पण’वर मी ताट आपटलं, वरण भिंतीपर्यंत उडालं, आणि ते पुसलंही मीच. माइक सोड, दुसरं टेबल मागून घे, असं त्याचं म्हणणं. सगळ्यांचं तेच म्हणणं. चोराला कुणी काही म्हणत नाही, घर मात्र मी सोडायचं.

पण सगळ्यांवर कडी केली ती आबांनी. तिच्या वडिलांनी, झुलाल आबांनी, परवा पारोळ्याहून ती क्लिप भावकीच्या ग्रुपवर टाकली. आपल्या हाताने. दोनशे बारा माणसं त्या ग्रुपमध्ये! खाली लिहिलं – “हा आवाज माझी मुलगी सुलक्षणा हिचा नाही. सर्वांनी शेवटपर्यंत ऐकून खात्री करावी.” ज्या चुलत्यांना, ज्या चुलत आत्यांना याचा वाराही लागला नव्हता, त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. खात्री केली.

“आबा, तुम्हाला काही अक्कल?” ती फोनवर किंचाळली होती. बापाला असं ती जन्मात बोलली नव्हती. पलीकडून खोकला ऐकू आला.

“मी वळखी लिधं ना बेटा,” आबा म्हणाले. “हाऊ तुना आवाज नही शे. तू घरना माणूसशी अशी गोडगोड कवय बोलस? तू अहिराणीमा बोलस.”

तिने फोन कापला. तेव्हा राग आला होता, आताही होता, पण घरच्या माणसाशी तू अशी गोडगोड कधी बोलतेस, हे वाक्य मात्र दोन दिवस कानातून जात नव्हतं. नवऱ्याला जे कळलं नाही ते या वेड्या म्हाताऱ्याला कळलं, आणि कळलं तर गप्प बसायचं की नाही…

खिडकीवर टकटक झाली. गाठोडं काखेत धरलेली म्हातारी. “पारोळानी गाडी कोठे लागस व माय?”

“सात नंबरले शे, आक्का. तठे, पाण्यानी टाकीजोडे.” बोलून गेली आणि जीभ चावली. ही अहिराणी त्या चोराकडे नाही. नऊ वर्षांत माइकवर एक शब्द अहिराणी बोलले नाही मी. हे जपायचं. खिडकीवर हळू बोलायचं. आईशी फोनवर हळू बोलायचं. उद्या घरात हळू. परवा शिंकतानाही तोंड दाबायचं – आणि मग? कुठवर सरकू मागे? त्याचा मुडदा पडो, सरकायचं मी का?

नानांनी माइककडे हात नेला. तिने तो बाजूला केला, जरा जोरातच.

“अगं, पण –”

“नाना, पण नको.”

बटण खाली गेलं. कर्ण्यात खरखर झाली.

“पारोळा, एरंडोल, जळगावनी गाडी सात नंबरले लागेल शे. बठ्ठा जण बसी ल्या. म्हातारी माणसंस्ले पहिले चढू द्या.”

आवाज घोगरा निघाला, ‘कृपया’शिवाय निघाला, आणि अख्ख्या स्थानकाने वर पाहिलं. कुणी हसलं. म्हातारी गाठोडं सावरत सातकडे चालू लागली. पाण्याच्या टाकीपाशी एकाने मोबाइल उंच धरला – तो असेल, नसेलही, गंमत म्हणून धरणारेही कमी नाहीत. सुलक्षणाचा अंगठा बटणावरच राहिला.

घोषणा दोनदा करायची, असा नियम आहे. तिने त्या मोबाइलकडे बघत दुसऱ्यांदा सुरुवात केली.