व्हर्लीनच्या नळाचं पाणी

शेजारच्या पत्र्याच्या घरात राहायला आलेली माणसं व्हर्लीन हॅचरला पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर नको होती. मध्य अमेरिकेतल्या ग्वातेमालाच्या डोंगरातलं कुटुंब ते. त्यांचा कोंबडा भलत्या वेळी आरवायचा, नवऱ्याची गाडी सुरू झाली की व्हर्लीनच्या खिडक्या थरथरायच्या आणि ती बाई, युलालिया, मान वर न करता समोरून निघून जायची. पण खरं दुखणं निराळंच होतं. गावातल्या कोंबड्या कापण्याच्या कारखान्याने व्हर्लीनच्या मुलाला, मार्विनला, कामावरून काढलं आणि त्याच्या जागी निम्म्या मजुरीवर हीच माणसं उभी केली. मार्विन अलाबामातल्याच बर्मिंगहॅम शहरात गेला तो तिकडचाच झाला. त्याचा राग काढायला कारखान्याचा मालक हाताशी नव्हता. शेजारी होते.

त्या वर्षी अलाबामा राज्याने नवा कायदा केला. पोलिसाने रस्त्यात संशयावरून अडवून देशात राहण्याच्या परवान्याचे कागद मागावेत, आणि ज्याच्याकडे ते नसतील त्याला घर भाड्याने देणं, गाडीत बसवून नेणं हाही गुन्हा. सरकारी कचेऱ्यांनी अशा लोकांशी व्यवहारच ठेवायचा नाही. गावच्या पाणीपुरवठा कचेरीने याचा अर्थ आपल्या अकलेप्रमाणे लावला आणि काचेवर पाटी डकवली: राज्याचं ओळखपत्र दाखवा, नाहीतर नळ बंद.

व्हर्लीन बिल भरायला गेली तेव्हा रांगेत तिच्यापुढे युलालियाच होती, पाठीला तान्हं बांधलेलं. कचेरीचा मुख्य कर्टिस लेडबेटर खिडकीत होता. युलालियाने आपल्या देशाचं कार्ड पुढे केलं. कर्टिसने ते एका बोटाने मागे सारलं. तिने पुन्हा पुढे केलं, त्याने पुन्हा सारलं. मागे कुणीतरी हसलं. व्हर्लीन हसली नाही, पण बोललीही नाही. आपला खोळंबा होतोय एवढंच तिच्या मनात होतं. बिल भरून ती घरी आली.

दुसऱ्या दिवशी शेजारचा नळ बंद झाला. सप्टेंबर सरत आला तरी ऊन जळत होतं. पाणी कुठून आणतात ते व्हर्लीनने विचारलं नाही. मग एका दुपारी तिने पाहिलं, युलालिया घराच्या मागल्या बाजूला उकिडवी बसली होती. एसीच्या नळीतून थेंब थेंब पडणारं पाणी वाटीत धरून त्यात फडकं बुडवून ती बाळाचं अंग पुसत होती.

व्हर्लीनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काळ्या माणसाने मत द्यायचं नाही अशा दिवसांत तिच्या वडिलांनी मतदार म्हणून नाव नोंदवलं, तेव्हा ज्याची जमीन ते कसत त्या गोऱ्या मालकाने विहिरीच्या पंपाला साखळी घालून कुलूप ठोकलं होतं. आई ओढ्याचं पाणी गाळून आणायची, आणि ते पिऊन धाकटा भाऊ आजारी पडला, तो कायमचा अशक्त राहिला. त्या वेळीही लोक म्हणाले होते, कशाला नियमाबाहेर जायचं?

तिने आपल्या नळाला बागेची रबरी नळी जोडली, ओढत शेजारच्या पायरीपर्यंत नेली आणि तिथे टाकली.

“घे. आणि तो कोंबडा बांधून ठेव.”

युलालिया नळीकडे बघत राहिली. “किती पैसे?”

“मी काय दुकान मांडलंय?” म्हणत व्हर्लीन परतली.

संध्याकाळी नवरा, बाल्तासार, कामावरून आला. त्याने नळी उचलून व्हर्लीनच्या अंगणात फेकली. असल्या उपकाराने पोलिस दारात येतील, असं त्याचं म्हणणं. व्हर्लीनला ते शब्द कळले नाहीत, पण फेकणं कळलं. तीही चिडली. मरा तहानेने, असं पुटपुटली. सकाळी तो कामावर गेल्यावर युलालिया खाली मान घालून आली, नळी उचलून घेऊन गेली, आणि पुढे रोज हेच चाललं.

कुणीतरी चुगली केली. कर्टिस स्वतः आला.

“मिस व्हर्लीन, ही नळी काढा. नियमात बसत नाही.”

“माझं पाणी, माझं बिल. झाडाला घालीन नाहीतर माणसाला.”

“अशा लोकांना आसरा देणं आता गुन्हा आहे. मी तुमच्या भल्याचंच सांगतोय.”

“माझं भलं? अरे, शाळेच्या स्वयंपाकघरात तुला वाढलंय मी. दोन-दोनदा ताट घेऊन यायचास. तुझ्या आईचे कागद विचारले होते का मी?”

कर्टिसचा चेहरा लाल झाला. “मग तुमचंही पाणी जाईल.”

आणि गेलं. तो रस्त्याकडच्या खड्ड्यात वाकून तिच्या घराचा कॉक बंद करत होता आणि ती दारात उभी राहून बघत होती. मार्विनने फोनवर आईलाच झापलं. ज्यांनी माझं काम घेतलं त्यांच्यासाठी तू कोरडी बसणार? व्हर्लीनने फोन ठेवून दिला.

नगरपरिषदेच्या सभेला ती चर्चला जाताना घालायची टोपी घालून गेली. खोली भरलेली होती आणि तिच्या बाजूचं कुणी नव्हतं. तिच्याच चर्चमधला क्लिओ टॅलिव्हर उभा राहिला. “व्हर्लीन, तुझ्या पोराच्या पोटावर पाय कुणी दिला, विसरलीस?” लोकांनी टाळ्या वाजवल्या, गोऱ्यांनी आणि काळ्यांनीही.

“विसरले नाही,” ती म्हणाली. “मार्विनला या बाईने काढलं नाही, कारखान्याने काढलं. कागद नाहीत हे कारखान्याला ठाऊक होतं, म्हणूनच तर ठेवलं. मग कारखान्याचं पाणी तोडलंत का कुणी?”

क्लिओ खाली बसला. व्हर्लीन बोलतच राहिली.

“मला ती माणसं आवडत नाहीत. आजही नाहीत. पण पाणी काय आवडत्या माणसाला द्यायचं असतं? ज्या कायद्याने तान्ह्या पोराचं पाणी तुटतं, तो कायदा मी मानत नाही. मला तुरुंगात टाका.”

मागून आवाज आला, तिलाही पाठवा ग्वातेमालाला. हशा पिकला. अध्यक्षांनी वेळ संपल्याचं सांगून पुढचा विषय घेतला.

पण सभेला राज्याची राजधानी माँटगोमेरी इथली एक वकीलबाई आली होती. तिने व्हर्लीनला गाठलं. दावा लावू म्हणाली, युलालियाचंही नाव हवं. व्हर्लीन तडक शेजारी गेली. तिथे गाद्या गाडीच्या टपावर बांधल्या जात होत्या.

“पळताय?” व्हर्लीन ओरडली. “तुमच्यासाठी अख्ख्या गावाशी वैर घेतलं मी!”

युलालियाने पहिल्यांदाच मान वर केली. “तुम्हाला भांडण आहे,” ती तुटक इंग्रजीत म्हणाली. “मला मुलं आहेत.”

कायद्याचा राग होता तेवढाच व्हर्लीनला त्या क्षणी त्या बाईचाही आला. गाडी गेली. कुठे, ते त्यांनी सांगितलं नाही.

दावा तिने एकटीच्या नावावर लावला. चर्चमध्ये तिच्या शेजारचा बाक रिकामा राहू लागला. न्यायाधीशाने निकाल दिला तेव्हा थंडी सुरू झाली होती. माणसाचे कागद बघून पाणी तोडता येणार नाही, असा हुकूम झाला. पाटी निघाली. कर्टिस पान्हा घेऊन आला, खड्ड्यात वाकला आणि तिचा कॉक उघडला.

“झालं समाधान?” त्याने वर न बघता विचारलं.

“नाही. तो शेजारचाही उघड.”

“तिथे कुणी राहत नाही.”

“मला ठाऊक आहे. उघड.”

तो शिवी गिळून पलीकडच्या खड्ड्याकडे गेला. त्याने तो कॉक उघडेपर्यंत व्हर्लीन जागची हलली नाही.