आपल्या चेंडूला गप्प राहणारी घंटा

मित्रांनो, गायीच्या गळ्यातून सुटून माणसांच्या गर्दीत येऊन पडलेली मी एक जुनी घंटा आहे. कॅनडातल्या सस्कॅचवानच्या गव्हाच्या सपाट मुलखात एका लोहाराने मला लोखंडी पत्र्यातून कापलं, ठोकून वाकवलं, कडांना रिव्हेट मारले आणि पोटात एक लोलक अडकवला. माझा आवाज गोड वगैरे काही नाही. पातेलं पायऱ्यांवरून गडगडत यावं तसा तो येतो. पण मैलभर ऐकू जातो, आणि गायीच्या घंटेकडून आणखी कुणी काही मागत नाही.

हिल्डा नावाच्या तपकिरी गायीच्या गळ्यात मी नऊ वर्षं होते. ती स्वभावाने भटकी. धुक्यात कुठेतरी निघून जायची आणि रे नावाचा तिचा मालक माझ्या आवाजामागे चालत येऊन तिला शिव्या देत घरी न्यायचा. पुढे रेने गाई विकल्या. हिल्डा गेली त्या दिवशी त्याने मला तिच्या गळ्यातून सोडवलं, कोटाने पुसलं आणि बायकोला म्हणाला, "डोरीन, ही मी ठेवणार. हिला फुटबॉल दाखवायला नेतो."

असा माझा दुसरा जन्म रिजायना शहरातल्या स्टेडियमवर झाला. हिरव्या कपड्यांतली हजारो माणसं, सूर्यफुलाच्या बियांच्या फोलांचा पायाखाली सडा, आणि मधोमध चेंडू हातात धरून पळणारा, हातानेच फेकणारा आमचा हिरवा संघ. तिथे मला माझा एकुलता एक नियम शिकवण्यात आला. चेंडू समोरच्या संघाकडे असेल तेव्हा जीव तोडून वाजायचं, म्हणजे त्यांच्या खेळाडूंना एकमेकांच्या हाका ऐकू जात नाहीत. चेंडू आपल्याकडे आला की एकदम गप्प, आपल्या पोरांना आपल्या हाका ऐकू आल्या पाहिजेत. मी गप्प राहावं म्हणून डोरीनने एक हिरवा लोकरी हातमोजा विणला होता. आपला चेंडू आला की ती तो हातमोजा चढवून माझा लोलक मुठीत धरायची. त्या उबेत गप्प बसणं मला वाजण्याइतकंच आवडायचं.

रे गेला तेव्हा डोरीनने त्याच्या खुर्चीचं तिकीट सोडून दिलं आणि स्वतःचं ठेवलं. पुढच्या हंगामात रेच्या जागी एक उंच गृहस्थ येऊन बसले. त्यांच्या डोक्यावर पोखरलेलं कलिंगड होतं. तशी आमच्याकडे कलिंगडाचं शिरस्त्राण घालणारी माणसं पुष्कळ. पण हे गृहस्थ कडा नक्षीदार कातरायचे, आतून लाल रुमालाचं अस्तर लावायचे आणि पोखरून काढलेला गर डब्यात भरून आणायचे. पहिल्या दिवशी डोरीन त्यांच्याशी एक शब्दही बोलली नाही. तिसऱ्या सामन्याला त्यांनी डबा पुढे केला.

"घ्या घंटाबाई. टोपी मी घातली आहे, निदान आतला माल तरी तुम्ही संपवा."

"मानेवरून रस ओघळतोय तुमच्या, कलिंगडराव. आधी तो पुसा."

झालं, तेव्हापासून ती घंटाबाई आणि ते कलिंगडराव. ती पिरोग्या, म्हणजे बटाट्याचं सारण भरलेल्या करंज्या, करून आणायची, ते कलिंगड. पुढच्या रांगेत दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारणारे एक आजोबा बसायचे, त्यांना दोघं मिळून शिट्टीवाले म्हणायचे आणि त्यांनाही एखादी पिरोगी द्यायचे. जुनं स्टेडियम पाडून नवं बांधलं तेव्हा जागा निवडायच्या दिवशी डोरीन आणि कलिंगडराव रांगेत भेटले. "ह्या घंटेपायी माझाच कान जाऊ दे, दुसऱ्या कुणाचा कशाला?" असं म्हणून त्यांनी पुन्हा तिच्या शेजारची खुर्ची घेतली. शिट्टीवालेही पुन्हा पुढच्या रांगेत आले. नावं मात्र कुणी कुणाला विचारली नाहीत. दर हंगामाच्या शेवटी कलिंगडराव उठायचे, कलिंगडाला हात लावून सलाम करायचे आणि म्हणायचे, "जूनमध्ये भेटू." एवढ्यावर अकरा वर्षं निघाली.

मग २०१९चा नोव्हेंबर आला. पश्चिम विभागाची अंतिम लढत आमच्याच मैदानावर, समोर आमचे जुने वैरी, विनिपेग शहरवाले. थंडीने माझा पत्रा हाताला चिकटत होता. शेवटचे काही क्षण उरले होते, चेंडू आमच्याकडे होता आणि बरोबरी साधायला एक पास पुरणार होता. सगळं स्टेडियम श्वास रोखून गप्प. मी हातमोज्यात. चेंडू हवेत उडाला, आमचा एक गडी गोलखांबापाशी मोकळा दिसला, आणि डोरीनने आनंदाच्या भरात हात वर केला. हातमोजा निसटला. मी वाजले. एकदा नाही, तीनदा.

चेंडू गोलखांबाच्या आडव्या दांडीवर आपटला आणि खाली पडला. आमचा हंगाम संपला.

घंटेच्या आवाजाने चेंडू वळत नाही, हे मला कळतं. पण हरलेल्या माणसाला कुणावर तरी ओरडायचं असतं. कलिंगडराव वळले.

"आपला चेंडू होता, बाई! आपला! चाळीस वर्षं येताय ना इथे?"

"हातातून सुटली हो. मुद्दाम केलं का मी?"

"पुढच्या वर्षी ही घंटा घरी खुंटीला टांगून या. नुसत्या पिरोग्या आणा."

डोरीनचा चेहरा लाल झाला. "डोक्यावर फळ घालून हिंडणाऱ्या माणसाने मला शहाणपण शिकवू नये. ह्या खुर्चीवर तुमच्या आधी माझा नवरा बसायचा. तो कधी मला असं बोलला नव्हता."

ती खुर्ची कुणाची होती, हे कलिंगडरावांना अकरा वर्षांत पहिल्यांदाच कळलं. ते काहीतरी बोलायला गेले, पण डोरीन पिशवी उचलून पायऱ्या उतरू लागली होती. जूनमध्ये भेटू, हे त्या वर्षी कुणीच म्हटलं नाही.

हिवाळाभर डोरीन भांडी घासताना स्वतःशीच पुटपुटायची, "नवऱ्याचं काढायला नको होतं. जूनमध्ये सांगते त्यांना." मीही जूनची वाट पाहत होते. मार्चमध्ये रोग आला. दुकानाबाहेर माणसं सहा-सहा फुटांवर उभी राहू लागली. कॅलगरीहून तिची मुलगी जनेल रोज फोन करायची. "आई, शहरात जायचं नाही हं. किराणा शेजारचे फ्रीसनकाका दारात ठेवतील. दार लगेच उघडू नकोस." फुटबॉल आधी जुलैवर गेला, मग सप्टेंबरवर. ऑगस्टमध्ये रेडिओवरचा माणूस म्हणाला की यंदा हंगामच होणार नाही. डोरीनने रेडिओ बंद केला आणि कितीतरी वेळ ती पुसलेलंच टेबल पुसत राहिली.

मित्रांनो, घंटेला एकटेपण म्हणजे काय, हे मला त्या वर्षी समजलं. मी स्वयंपाकघरातल्या खिळ्याला लटकत होते. आत कोळ्याने जाळं विणलं. एकदा डोरीनने ऐकलं की शहरातले लोक संध्याकाळी सात वाजता गॅलरीत येऊन दवाखान्यातल्या माणसांसाठी भांडी वाजवतात. तिने मला खाली काढलं, ओसरीवर आली आणि पंधरा मिनिटं मला वाजवलं. सर्वांत जवळचं घर फ्रीसन मंडळींचं, दीड मैलावर. वारा उलट होता. वाजवून झाल्यावर ती कान देऊन उभी राहिली. कुठूनही काही आलं नाही. "पोचला नाही गं तुझा आवाज," असं म्हणून तिने मला परत खिळ्याला अडकवलं. दुसऱ्या दिवशी सात वाजता ती बाहेर गेली नाही.

रविवारी रेडिओवर जुने सामने पुन्हा ऐकवायचे. डोरीन मला टेबलावर ठेवायची आणि निकाल पाठ असलेल्या सामन्यातही नियम पाळायची. विनिपेगकडे चेंडू आला की मी वाजायचे, आपल्याकडे आला की हातमोज्यात. नोव्हेंबरचा तो सामना लागला तेव्हा शेवटचं मिनिट यायच्या आधी तिने रेडिओ बंद केला.

मग एकदा तिने तिकीट कचेरीला फोन लावला.

"माझ्या शेजारी बारा नंबरच्या खुर्चीवर जे बसतात, त्यांचा फोन नंबर हवा होता."

"नाव काय त्यांचं?" पलीकडून एका मुलीने विचारलं.

"नाव नाही माहीत. कलिंगड घालतात ते."

"आजी, इथे निम्मं गाव कलिंगड घालतं. आणि नाव-नंबर आम्हाला देता येत नाहीत. तुमचे ते कोण लागतात?"

"शेजारी," डोरीन म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

सप्टेंबरच्या सुरुवातीचा लेबर डेचा, कामगार दिनाचा, रविवार म्हणजे आमच्याकडे सणच. त्या दिवशी विनिपेगवाल्यांशी सामना ठरलेला. यंदा सामना नव्हता, तरी डोरीनने पिरोग्या केल्या, हिरवा कोट चढवला, जनेलला न सांगता ट्रक काढला आणि मला बाजूच्या सीटवर ठेवून दोन तास गाडी हाकत रिजायनाला आली. इतक्या वर्षांची सवय होती, आणि घरी बसून तिचा जीव घुसमटत होता. स्टेडियमच्या फाटकाला साखळी होती. गाड्या लावायच्या जागेत कागदाचा एक कपटा वाऱ्यावर इकडून तिकडे जात होता. आम्ही काचेतून ते पाहत बसलो.

आणि मग फाटकाच्या पायथ्याशी तिला काहीतरी हिरवं दिसलं.

ते कलिंगड होतं. पोखरलेलं, नक्षीदार कडांचं, आतून लाल रुमाल लावलेलं. गर अजून ओला होता. म्हणजे कलिंगडराव सकाळी इथे येऊन गेले होते. डोरीनने चहूकडे पाहिलं. "कलिंगडराव!" अशी एक हाकही मारून पाहिली. मग माझा लोलक धरायचा तो हिरवा हातमोजा तिने काढला, घडी घातली आणि कलिंगडाच्या आत रुमालावर ठेवला. घरी परतताना मी वळणावळणावर वाजत होते. मला धरायला आता काही नव्हतं, आणि ती मला गप्प बस म्हणाली नाही.

त्यानंतरचा हिवाळा फार लांब गेला. गावातली तीन माणसं दगावली. डोरीन खिडकीतून बर्फ बघायची. "हातमोजा मिळाला असेल का गं?" ती मला विचारायची. मी काय सांगणार?

पुढल्या वर्षी ऑगस्टमध्ये सामने सुरू झाले. तोंडाला मास्क लावून, पायऱ्यांवर दोनदा थांबत आम्ही आमच्या जागी पोचलो. तिच्या हातात पिरोग्यांचा डबा होता. मला तिने पिशवीच्या तळाशी घातलं होतं, आणि आज वाजवायचं नाही असं मनाशी ठरवलं होतं. बारा नंबरची खुर्ची रिकामी होती. सामना सुरू झाला, समोरच्यांना चेंडू मिळाला, सगळं स्टेडियम दोन वर्षांचं साठलेलं ओरडू लागलं. डोरीन डबा मांडीवर धरून त्या खुर्चीकडे बघत राहिली.

पहिला डाव संपत आला तेव्हा एक वाळलेला, टक्कल पडलेला माणूस कठड्याला धरत धरत आला आणि त्या खुर्चीवर बसायला लागला.

"अहो, ती जागा दुसऱ्यांची आहे," डोरीन म्हणाली. "ते येतील एवढ्यात."

त्या माणसाने खिशातून हिरवा हातमोजा काढून तिच्यापुढे धरला.

डोरीन हातमोज्याकडे बघत राहिली, मग त्या टकलाकडे. कलिंगडाशिवाय तिने त्यांना कधी पाहिलंच नव्हतं.

"संध्याकाळी परत आलो होतो," ते म्हणाले. आवाज वाळूतून यावा तसा खरखरीत. "कलिंगडावर गांधीलमाश्या बसतील म्हणून उचलायला. त्यात हा मिळाला. तुम्हाला विचारायचं कुठे, काही कळेना. डिसेंबरात मला तो रोग झाला. सहा आठवडे घशात नळी होती. आता ओरडता येत नाही, बाई, आणि मान कलिंगड पेलत नाही." ते थांबले. "तुमच्या यजमानांची खुर्ची आहे, हे मला माहीत नव्हतं."

"मी ते बोलायला नको होतं."

"घंटा खरंच घरी ठेवून आलात?"

डोरीनने मला पिशवीतून बाहेर काढलं. समोरच्यांना पुन्हा चेंडू मिळाला होता. तिने मला त्यांच्या हातात दिलं. ते वाजवताना ताल चुकत होते, मला उलटं धरत होते, पण मी अशी वाजले की हिल्डा धुक्यातून धावत आली असती. त्यांच्या घशातून जे निघत नव्हतं, ते सगळं मी ओरडून घेतलं.

मग चेंडू आपल्याकडे आला. डोरीनने हातमोजा चढवला आणि माझा लोलक मुठीत धरला. तेहेतीस हजारांचं स्टेडियम गप्प झालं. त्या शांततेत तो खरखरीत आवाजही नीट ऐकू आला.

"एल्मर," ते म्हणाले. "एल्मर टोथ."

"डोरीन हॉगन."

एवढंच. मग दोघांनी एकमेकांचे नंबर पिरोग्यांच्या डब्याच्या कागदावर लिहून घेतले.

मित्रांनो, माझी तुमच्याकडे एक विनंती आहे. मला कोरडं ठेवा, गंजू देऊ नका, अधूनमधून वाजवा. आणि जो रोज तुमच्या शेजारी बसतो, बिया खातो, तुमच्याबरोबर ओरडतो, त्याचं नाव विचारून ठेवा. आजच विचारा. पुढच्या रांगेतली शिट्टीवाल्या आजोबांची खुर्ची त्या हंगामात एकाही सामन्याला भरली नाही. डोरीन दर वेळी त्यांच्या वाटची एक पिरोगी डब्यात ठेवते. एल्मरने कचेरीत जाऊन चौकशी केली, तर तिथल्या मुलीने विचारलं, "नाव काय त्यांचं?"

एल्मर परत आले आणि त्यांनी ती पिरोगी तशीच डब्यात झाकून ठेवली. मी तेव्हा हातमोज्यात होते.