निकोलोसोचं तोंड

उस्तादांचा एकच नियम होता. लेखणी शाईत बुडली की समोर उभ्या राहिलेल्यानं क्षमेची प्रार्थना मोठ्यानं म्हणायची, आणि ती संपायच्या आत माणूस कागदावर यायला हवा. आधी पाय, म्हणजे भार कुठं आहे ते कळतं. मग खांदे. तोंड शेवटी, प्रार्थना उरली तर.

निकोलोसोची कधीच उरली नाही. तो जिनोवाच्या बंदरातला हमाल. दुपारी पाव-वाइनवर आमच्याकडे चित्रासाठी उभा राहायचा, कधी संत म्हणून, कधी चोर म्हणून. डावा खांदा धरलेला, त्यामुळं हात वर करायला लावले की प्रार्थना नुसती पळवायचा.

"अरे, देवाला ऐकू तरी येऊ दे!" उस्ताद ओरडायचे.

"देवाला पाठ आहे, उस्ताद. खांदा माझा दुखतोय."

ऑक्टोबरात तो जहाजाच्या फळीवरून घसरला. पाठीवरच्या पोत्यासकट पाण्यात. सापडलाच नाही.

मृतांच्या दिवसाच्या आदल्या सकाळी त्याची बायको आली, पेलेग्रा. "सगळ्यांना कबर तरी आहे," म्हणाली. "मी दिवा कुठं लावू? तुमच्याकडे तो कागदावर आहे म्हणे."

उस्ताद मला म्हणाले, "असेल तो देऊन टाक," आणि चर्चच्या कामावर गेले.

एकच निघाला. बाकीचे भिंतीवर उतरवताना, कोळशाची पूड झिरपावी म्हणून रेघांवर भोकं पाडून पाडून चाळण झाले होते. हा तीन वर्षांपूर्वीचा. हात वर, सगळा भार उजव्या पायावर. तोंडाच्या जागी नुसती एक वाकडी रेघ.

विधवेला बिनतोंडाचा नवरा कसा द्यायचा? हे एक कारण. खरं सांगतो, दुसरंही होतं. मी इथं येण्याआधी धक्क्यावर कोळशानं रेघोट्या मारत एकटाच शिकलो. उस्तादांचं राहिलेलं आपण पुरं करावं, ही खाज होती. म्हटलं, "मावशी, जरा थांबा." डोळे, नाक, दाढी. दहा फटकारे. झकास जमलं.

तिनं बघितलं. "हा कोण?"

"निकोलोसो."

"हा कुठला तरी संत आहे. माझा माणूस असा गोड कधी बघायचा नाही रे कुणाकडे."

कोळसा असता तर पावाच्या गरानं पुसला असता. शाई कशी पुसणार? आणि दुसरा कागद नव्हता. तिच्याकडे त्याचं दुसरं काहीच नव्हतं.

ती रडली नाही. कागद घेऊन खिडकीशी गेली, उलटा केला. आणि तशीच उभी राहिली.

आमची शाई लोखंडाची, कागद खाते. तीन वर्षांत उस्तादांच्या रेघा आरपार गेल्या होत्या. मागच्या बाजूला तपकिरी पाय, खांदे, वर केलेले हात. माझे आजचे दहा फटकारे अजून तिथं पोचले नव्हते.

"हा माझा," ती म्हणाली. "बघ, कसा कंटाळलाय."

"पण मावशी, यात डावं-उजवं बदललंय. दुखरा खांदा दुसऱ्या बाजूला गेला."

"जाऊ दे. एकाच खांद्यानं किती ओढायचं त्यानं?" कागद शालीखाली घेऊन ती निघाली. दारात वळली. "आणि पोरा, तुझा तो संत भिंतीकडे तोंड करून राहील हां."

उस्ताद परत आल्यावर मी सगळं सांगितलं. ते हात धूत होते.

"प्रार्थना उरली होती?"

"नाही."

"मग?"